आधी उंट बांधू, मग समुद्रात उतरू

'अल्लाह मालिक है' हे वाक्य आपल्या घरांत दोन वेगळ्या प्रसंगी ऐकू येते. एक, सगळी तयारी झाल्यावर, जे आपल्या हातात नाही ते त्याच्या हवाली करताना. दुसरे, तयारी करण्याचा कंटाळा आला असताना. शब्द तेच असतात, पण पहिल्यात तवक्कुल असतो आणि दुसऱ्यात आळस. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मालवणला जायचे ठरले आणि हा फरक घरात नीट बोलून घ्यावा लागला.

निमित्त मुलीचे. ती अकरावी विज्ञानाला आहे. तारकर्लीला पाण्याखाली जाऊन प्रवाळ आणि मासे बघता येतात हे तिने मैत्रिणीकडून ऐकले होते. तिला स्कुबा डायव्हिंग करायचे होते. भाच्याने लगेच तिची री ओढली. माझी आई मात्र एवढेच म्हणाली, "लड़की को समंदर में कायको उतारते?" त्यावर कुणीतरी म्हणाले, "जाने दो अम्मी, अल्लाह मालिक है." मला आईची भीती पटली आणि तिला मिळालेले उत्तर पटले नाही.

आम्ही भुसावळची माणसे. आमचे पाणी म्हणजे तापी. हतनूर धरणाला ४१ दरवाजे आहेत आणि ते उघडले की नदी काही तासांत वेगळीच होते, हे इथले लहान मूलही जाणते. उन्हाळ्यात डोहात कुणी बुडाल्याची बातमी आम्हाला नवी नसते. तरीही आपल्या मोहल्ल्यांत पोहायला शिकलेली मुले कमी आणि मुली तर जवळजवळ नाहीतच. पाण्याची भीती आहे, पण पाण्याची माहिती नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. त्या बातमीनंतर अनेक पालकांनी मुलींच्या सहलीच बंद केल्या. शिक्षक म्हणून मला ते दुःख कळते. पण मुलींना घरी बसवल्याने समुद्र समजत नाही. भरती केव्हा, ओहोटी केव्हा, हे कुणी शिकवायचे ते राहूनच जाते.

उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू का, असे विचारणाऱ्या माणसाला पैगंबरांनी (स.) आधी उंट बांधायला आणि मग भरवसा ठेवायला सांगितले, ही हदीस आपण सगळ्यांनी ऐकली आहे. म्हणून मी घरात सांगितले की उतरायचे की नाही हे आत्ता ठरवायचे नाही. आधी उंट बांधायचा.

पहिली गाठ मोसमाची. 'मोसम' हा शब्दच अरबीतून आलेला, आणि इंग्रजांचा मॉन्सूनही त्याच मुळाचा. पंधराव्या शतकातल्या इब्न माजिद या अरबी नाखव्याने कोणत्या वाऱ्यावर कोणत्या बंदरातून कधी निघावे याची गणिते लिहून ठेवली. जहाजे निघत ती मोसम पाहून. मालवणचा समुद्र पावसाळ्यात बंद असतो. तेव्हा पाणी गढूळ आणि खवळलेले असते. दिवाळीपर्यंत पाणी निवळू लागते, पण ऑक्टोबर-नोव्हेंबर हा अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांचाही काळ आहे. ११ नोव्हेंबर २००९ रोजी फयान कोकणावर आले होते आणि २०१९ च्या ऐन दिवाळीत क्यार अरबी समुद्रात होते. म्हणून निघण्याच्या आठवडाभर आधीपासून हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा आणि हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेचा लाटांचा अंदाज रोज पाहायचा, हे काम मुलीकडे दिले.

दुसरी गाठ चंद्राची. इथे आपल्या वाचकांना एक गंमत सांगतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती येते. पाणी जास्त चढते, जास्त उतरते आणि प्रवाह जोरात असतो. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते. तेव्हा चढउतार कमी असतो आणि प्रवाह मंद. आपले हिजरी महिने चंद्रावरच चालतात. त्यामुळे ज्याला आज चाँदची कितवी तारीख आहे हे माहीत आहे, त्याला समुद्राचा अंदाजही येऊ शकतो. महिन्याच्या सुरुवातीला आणि १४-१५ तारखेला उधाण, ७-८ आणि २२-२३ च्या आसपास भांग. दिवाळीची अमावास्या सरली की एक-दोन दिवसांत आपला नवा चाँद दिसतो. त्याची आठवी-नववी तारीख आम्ही निवडली. आई रमजान आणि ईदसाठी चाँद बघते. समुद्रासाठीही तोच चाँद बघायचा असतो हे ऐकून ती पहिल्यांदा या बेताविषयी प्रश्न विचारू लागली.

दिवसातली वेळही महत्त्वाची. सकाळी वारा कमी असतो, दुपारनंतर समुद्राकडून वारा वाढतो आणि लाटा उठतात. देवबागजवळ कर्ली नदी समुद्राला मिळते. ओहोटीला खाडीचे गढूळ पाणी बाहेर येते, भरतीबरोबर समुद्राचे स्वच्छ पाणी आत येते. म्हणजे सकाळची आणि शक्य तर भरतीची वेळ गाठायची.

तिसरी गाठ शरीराची, आणि तीच सगळ्यांत अवघड गेली. पाण्यात दर दहा मीटरला हवेच्या एका वातावरणाइतका दाब वाढतो. दहा मीटरवर दाब दुप्पट होतो. तिथे छातीत भरून घेतलेली हवा श्वास रोखून वर आणली तर तिचे आकारमान दुप्पट होऊ पाहते आणि फुप्फुस फाटू शकते. अगदी एक-दोन मीटरवरूनही हा धोका असतो. म्हणून स्कुबाचा पहिला नियम आहे, श्वास कधीही रोखायचा नाही. दुसरा नियम, हळू वर यायचे. तिसरा, कानात दडा बसायच्या आधीच नाक दाबून हलकेच हवा ढकलायची. दुखले तर थोडे वर यायचे. सर्दी असेल तर उतरायचेच नाही.

आता ज्याला दमा आहे त्याच्या फुप्फुसात हवा अडकू शकते. वर येताना तीच हवा फुगते. माझ्या भाच्याला लहानपणी दमा होता, अजूनही थंडीत कधी इन्हेलर लागतो. उतरण्याआधी तब्येतीचा फॉर्म भरावा लागतो आणि त्यात दम्याचा प्रश्न असतो. बहिणीने फोनवर सांगितले, "भाईजान, 'नहीं' पे टिक कर दो ना, बच्चे का दिल रह जाएगा." मी 'हो' वर खूण करायला लावली. भुसावळच्या डॉक्टरांनी तपासून परवानगी दिली नाही. भाचा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही आणि बहीण अजूनही थोडी नाराज आहे. पण खोट्या खुणेने त्याचे फुप्फुस बदलणार नव्हते. फॉर्म काही कचेरीसाठी भरायचा नसतो. तो पाण्याखाली आपला हात धरणाऱ्या माणसासाठी असतो.

पोशाखाचा प्रश्न येणार हे ठाऊक होते. डायव्हिंगचा पूर्ण सूट मनगटापासून घोट्यापर्यंत अंग झाकतो. डोक्यासाठी त्याच कापडाची टोपी मिळते. साधा स्कार्फ मात्र मास्कच्या कडेखाली आला तर पाणी आत शिरते. दाट मिशीचेही तेच होते, त्यामुळे ही अडचण फक्त बायकांची नाही. आणखी एक सांगून ठेवतो. शरीरातले पाणी कमी झालेले असताना डायव्हिंग करणे धोक्याचे असते, म्हणून रोजा ठेवून उतरू नये. दुसरा दिवस निवडावा.

चौथी गाठ माणसांची. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ डायव्हिंग करून परतणाऱ्या पर्यटकांची बोट उलटली आणि दोन जणांचा जीव गेला. म्हणजे धोका पाण्याखालीच असतो असे नाही, तो येण्याजाण्यातही असतो. म्हणून फोनवर दर विचारण्याआधी आम्ही दुसरे प्रश्न विचारले. प्रशिक्षकाकडे प्रमाणपत्र कोणते? एका वेळी त्याच्याबरोबर किती जण उतरणार? बोटीची क्षमता किती आणि लाइफ जॅकेट सगळ्यांना मिळते का? बोटीवर प्राणवायू आणि प्रथमोपचार आहे का? समुद्र खराब असेल तर पैसे परत की दुसरा दिवस? एकाने या प्रश्नांवर हसून विषय टाळला. त्याचा नंबर आम्ही खोडला. पर्यटन महामंडळाची डायव्हिंग प्रशिक्षण संस्था तारकर्लीतच आहे, त्यामुळे शिकलेली माणसे तिथे मिळतात. शोधायची तयारी मात्र हवी.

निवडलेल्या दिवशी सकाळी आम्ही किनाऱ्यावर पोहोचलो तर आकाश निरभ्र होते. वारा नव्हता. सिंधुदुर्ग किल्ला समोर स्पष्ट दिसत होता. पण लांबून, एका पाठोपाठ एक, जाड लाटा येत होत्या. दूर समुद्रात कमी दाबाचा पट्टा होता, त्याची ती फुगवण. प्रशिक्षकाने पाण्याकडे पाच मिनिटे पाहिले आणि म्हणाला, "आज नको सर. खाली काही दिसणार नाही आणि बोटीवर चढताना लागेल." त्याचा म्हातारा नाखवा फक्त म्हणाला, "पाणी बरा नाय." शेजारची एक बोट मात्र माणसे भरून निघाली होती. मुलगी तिच्याकडे आणि मग माझ्याकडे बघू लागली. एवढा प्रवास, दोन खोल्यांचे भाडे, वर्षभराची हौस. बायको हळूच म्हणाली, "वो लोग तो जा रहे हैं." मी मुलीला विचारले, तू आठवडाभर लाटांचे आकडे वहीत लिहीत होतीस, तूच सांग. तिने वही उघडली, आदल्या दिवसाचा आणि त्या दिवसाचा आकडा पाहिला आणि म्हणाली, "अब्बू, कल." सगळ्या बेतातला सगळ्यांत महत्त्वाचा शब्द मला तोच वाटतो.

दुसऱ्या दिवशी समुद्र बसला होता. उतरण्याआधी प्रशिक्षकाने खुणा शिकवल्या. आपण अंगठा वर करून 'छान' म्हणतो, पाण्याखाली त्याचा अर्थ 'वर चला' असा होतो. ठीक आहे सांगायचे तर अंगठा आणि तर्जनीचे वर्तुळ. जुन्या काळी आखाती देशांत मोती काढणारे पाणबुडे कमरेच्या दोरीवर उतरत आणि बोटीवरचा सोबती ती दोरी धरून बसे. झटका बसला की ओढून घ्यायचे, एवढीच भाषा. आज दोरीच्या जागी प्रशिक्षकाचा हात आहे, पण कुणीतरी धरून असले पाहिजे हा नियम तोच आहे.

मुलगी काही मीटर खोल, वीसेक मिनिटे पाण्यात होती. वर आल्यावर तिने माशांच्या रंगांआधी सांगितले की एकदा कान दुखला, तिने खूण केली, दोघे थोडे वर आले, मग दुखायचे थांबले. भाचा बोटीवर होता. तिचा टॉवेल त्यानेच पुढे केला.

आता तिला पोहायला शिकायचे आहे. शहरात मुलींसाठी वेगळी वेळ आणि महिला प्रशिक्षक मिळाली तर आणखी सात-आठ मुली यायला तयार आहेत. त्यांच्या आयांशी मी बोललो आहे. आपल्या शाळा आणि जमाती जलशांवर जेवढा खर्च करतात, त्यातला थोडा यावर करावा, असे मला वाटते. ज्यांना हे करायचे असेल त्यांनी जरूर कळवावे. पहिल्या दिवशी आई येणार आहे, काठावर बसायला.