जातिलुविहची पाणीपाळी

तबानानच्या रस्त्याला लागण्याआधी मी दादाला देनपसारच्या पुपुतान मैदानावर घेऊन गेले. बालीत घर-जमीन बघायला निघालेल्या माणसाने आधी इथे थोडा वेळ उभं राहावं, असं मला मनापासून वाटत होतं. १९०४ मध्ये सानूरच्या किनाऱ्यावर ‘श्री कुमाला’ नावाचं गलबत फुटलं. गावकऱ्यांनी त्यातला माल लुटला, अशी मालकाने तक्रार केली आणि डच सरकारने बादुंगच्या राजाकडे भरपाई मागितली. राजाने ती नाकारली. २० सप्टेंबर १९०६ रोजी डच फौज वाड्याशी आली तेव्हा राजा, राण्या, मुलं, पुरोहित, सेवक पांढरी वस्त्रं नेसून, दागिने घालून बाहेर पडले आणि बंदुकांसमोर चालत गेले. मागे उरले त्यांनी स्वतःच्या कट्यारींनी जीव दिला. हेच ते पुपुतान. शेजारच्या तबानानचा राजा काही दिवसांतच शरण आला. डचांच्या हाताखाली का होईना, राज्य आपल्याकडे राहावं एवढंच त्याचं मागणं होतं. तेही मानलं गेलं नाही, आणि कैदेत असतानाच त्याने व युवराजाने आयुष्य संपवलं.

आम्ही निघालो होतो ते जातिलुविह त्याच तबानानमधलं, बातुकारू डोंगराच्या उतारावरचं गाव.

दादा म्हणजे माझा मावसभाऊ. साक्री तालुक्यात पांझरेच्या काठी वाढला, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाला. त्याची मुलगी पर्थला असते, आणि पर्थहून बाली चार तासांच्या आत. वर्षातले काही महिने इथे राहावं, मुलीलाही येणं सोपं, थोडी शिल्लकही इथेच गुंतवावी, असा त्याचा आणि वहिनींचा विचार. शहर नको, समुद्रकिनारा नको, शेतं असलेलं गाव हवं, ही वहिनींची अट.

आदल्या दिवशी चांगूला एका दलालाने आम्हाला नकाशे दाखवले होते. एके काळी भातशेतीचं असलेलं चांगू आज बंगले आणि कॅफेंनी भरलं आहे. दोन इमारतींच्या फटीत एखादं हिरवं खाचर उरलेलं दिसतं. भाव सांगितला जातो तो दर आरला, दर वर्षाला. आपल्या सातबाऱ्यावर हेक्टरपुढे लिहितात तोच हा आर, शंभर चौरस मीटरचा. भाडेपट्ट्याची सगळी रक्कम आगाऊ द्यायची. मग दलालाने आवाज खाली आणून दुसरा मार्ग सुचवला: जमीन कायमची हवी असेल तर इथल्या एखाद्या माणसाच्या नावावर घ्या, आतला करारनामा आम्ही करून देतो.

दादाने नकाशे परत केले. इंडोनेशियाच्या १९६० च्या जमीन कायद्यात यावर शंकेला जागाच नाही. पूर्ण मालकी फक्त तिथल्या नागरिकाची. आडमार्गाने ती परदेशी माणसाकडे नेणारा व्यवहार रद्दबातल, जमीन सरकारजमा, आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. तिथे राहण्याचा परवाना असलेल्या परक्याला घर भाड्याने घेता येतं किंवा जमिनीचा ‘वापर हक्क’ मिळवता येतो. त्याची मुदत आता ३० वर्षं, वाढवून २०, नूतनीकरण करून आणखी ३०. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही, आणि त्या नियमातून पळवाटा काढणारेही आपण पाहिले आहेत. त्यामुळे दादाला हा कायदा अन्यायाचा वाटला नाही, आणि मलाही नाही.

हा कायदा इतका कडक का, याचं उत्तर डच काळात आहे. १८७० च्या डच कायद्याने परक्यांना स्थानिकांची जमीन विकत घेता येत नव्हती, पण सरकारने आपली म्हणून जाहीर केलेली जमीन मळेवाल्या कंपन्यांना ७५ वर्षांच्या पट्ट्याने मिळत होती. जावा आणि सुमात्रातले कितीतरी डोंगर अशा पट्ट्यांखाली गेले. स्वतंत्र देशाने सुकार्नोंच्या काळात तो कायदा मोडून नवा केला. आजचे ३०, २० आणि ३० मिळून ८० होतात, हे मी वहीत मांडलं तेव्हा दादा बराच वेळ त्या बेरजेकडे बघत राहिला.

नव्या कायद्यापाठोपाठ कमाल धारणेची मर्यादा आणि वाटेकऱ्यांचे हक्कही आले. वाटप रेंगाळलं, तशी कम्युनिस्ट पक्षाच्या शेतकरी संघटनेने १९६४ मध्ये जमिनींचा ताबा घ्यायला सुरुवात केली. गावं दुभंगली. १९६५ मध्ये जकार्तात लष्कराच्या हाती सूत्रं गेली आणि त्या डिसेंबरपासून काही महिन्यांत बालीत सुमारे ८०,००० माणसं कम्युनिस्ट ठरवून मारली गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. बेटाच्या लोकसंख्येच्या जवळपास ५ टक्के. पर्यटकांच्या माहितीपत्रकात यातलं काही नसतं. पण ज्या बेटावर जमिनीच्या प्रश्नाने शेजाऱ्याला शेजाऱ्याचा वैरी केलं, तिथे आपण पैसे घेऊन जातो तेव्हा हे ठाऊक असणं हे आपलं कर्तव्य आहे.

तबानान शहरात १९८१ मध्ये सुरू झालेलं सुबाक संग्रहालय आहे. नांगर, पाण्याची मापं बघून आम्ही लगेच निघालो. पेनेबेल गाव मागे पडलं की रस्ता चढू लागतो, हवा गार होते आणि एका वळणानंतर खाचरं दिसू लागतात. खाली दरीपर्यंत आणि वर जंगलापर्यंत, डोंगराच्या प्रत्येक वळणाला धरून बांध गेलेले. सुबाक म्हणजे पाणी वाटून घेणाऱ्या शेतकऱ्यांची मंडळी. अकराव्या शतकातल्या ताम्रपटांत तिचा उल्लेख सापडतो. बालीत अशा सुमारे १,२०० मंडळ्या आहेत. २०१२ मध्ये युनेस्कोने यातला सुमारे १९,५०० हेक्टरचा प्रदेश जागतिक वारसा म्हणून नोंदवला, त्यात जातिलुविह आहे.

गावात आम्ही उतरलो त्या घराच्या अंगणात चार खांबांवर उभी असलेली भाताची कोठी होती. आत तांबड्या भाताच्या लोंब्यांच्या जुड्या रचलेल्या. हे जुनं उंच वाण, सहा महिन्यांच्या आसपास शेतात राहतं. कापणी बोटांत धरायच्या लहानशा पात्याने, एकेक लोंबी खुडून. घरमालकीणबाईंनी त्याच तांदळाचा भाजून केलेला चहा दिला. वहिनींनी त्यांना ‘इबू’, म्हणजे आई, म्हणायला सुरुवात केली आणि दोघी कोठीपाशी जाऊन जुड्या कशा बांधतात ते बघू लागल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेकासेह, म्हणजे सुबाकचे निवडून दिलेले प्रमुख, आम्हाला पाटाच्या वरच्या अंगाला घेऊन गेले. पाटात एक जाड ओंडका आडवा बसवलेला होता. त्याला वरून दोन खाचा पाडलेल्या, एक रुंद, एक अरुंद. दोन्हींचा तळ एकाच पातळीत, त्यामुळे पाणी वाढलं काय नि घटलं काय, वाटणी तीच राहते. रुंद खाचेतून खालच्या मोठ्या गटाकडे पाणी जात होतं, अरुंद खाचेतून धाकट्या गटाकडे. दादा काठावर उकिडवा बसला. आयुष्यभर गेज आणि दरवाजे बघितलेल्या माणसाने खाचेत बोटं घालून रुंदी मोजली आणि म्हणाला, “अगं, हे आमच्या फडाचं आहे सगळं.”

पांझरेवर दगडी बंधारे घालून चालणारी फड पद्धत तीनशे वर्षांहून जुनी. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पाटकऱ्याने पाणी द्यायचं, जागल्याने राखण करायची, पाट सगळ्यांनी मिळून साफ करायचा. दादाने हे सांगितलं, आमच्या ड्रायव्हरने भाषांतर केलं, आणि पेकासेह पहिल्यांदाच मोकळे झाले. जातिलुविहमध्ये एक हंगाम तांबड्या भाताचा, दुसरा कमी मुदतीच्या वाणाचा, आणि लावणी सगळ्यांची एकाच सुमारास. कापणीनंतर सगळा डोंगर एकदम मोकळा राहिला की किडीला खायला काही उरत नाही. १९७० च्या दशकात सरकारने नवी वाणं आणली आणि पाळी न बघता वर्षभर लावत राहा असा आग्रह धरला, तेव्हा बालीभर तपकिरी तुडतुड्यांनी शिवारं जाळली. स्टीफन लॅन्सिंग या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञाने पुढे संगणकावर मांडणी करून दाखवलं, की सुबाकच्या जलमंदिरांनी ठरवलेली पाळी पाणी आणि कीड दोन्ही उत्तम सांभाळते. जे तज्ज्ञांना कळायला तुडतुडे यावे लागले, ते इथल्या शेतकऱ्याच्या पंचांगात होतंच.

मग पेकासेहनी दादाला विचारलं, तुम्ही इथे नसाल तेव्हा पाट साफ करायला तुमच्याकडून कोण येईल?

माझ्या मते इथे गुंतवणूक करू पाहणाऱ्या प्रत्येकाने आधी या प्रश्नाचं उत्तर द्यावं. एका खाचरावर बंगला उभा राहिला की फक्त ते खाचर जात नाही. त्याच्या बांधावरून खालच्या पाच जणांना पाणी मिळत असतं. वरच्या अंगाला खोल बोअर घेतली, पोहण्याचा तलाव बांधला, तर ओंडक्यातली खाच कितीही नेमकी असो, वाटायला पाणीच कमी येतं. पैसे पूर्ण दिले, कागद पक्के केले, तरी ही तूट भरून निघत नाही. राखीव भातशेतीचं रूपांतर रोखणारा २००९ चा कायदा इंडोनेशियात आहे. पण शेतीतून मिळणारं आणि जमिनीच्या भावातून मिळणारं यांत एवढी दरी असताना शेतकऱ्याने एकट्याने तग धरावा, ही अपेक्षा मला निष्ठुर वाटते.

गावाचं दुसरं अंग म्हणजे बंजार, वस्तीची मंडळी. पोकळ लाकडाचा कुलकुल वाजला की घरटी माणूस हजर: देवळाचं काम, लग्न, अंत्यविधी. न येणाऱ्याला दंड. गावच्या लेखी नियमांत हे सगळं आहे, आणि बाहेरून येऊन राहणाऱ्यांनी काय द्यायचं तेही.

दादाने शेवटी शेतजमिनीचा विषय बंद केला. घरमालकांच्या आवाराला लागून त्यांच्या काकांचं जुनं, रिकामं घर होतं, वस्तीतलंच. त्या जागेचा डच काळापासूनचा ‘पिपिल’, म्हणजे शेतसाऱ्याचा जुना कागद, आणि नंतरचा दाखला दोन्ही घरमालकांनी समोर ठेवले. अटी ठरल्या त्या अशा: दहा वर्षांचं भाडं, निवासाचा परवाना हातात आल्यावर, नोटरीसमोर; घराचं छप्पर बदलायचं, मजला चढवायचा नाही; बोअर घ्यायची नाही; बंजारची वर्गणी दादाने थेट बंजारला द्यायची, आणि दादा नसताना कामाला घरमालकांचा पुतण्या येईल, त्याची मजुरी करारातच लिहायची. शिल्लक रकमेतला एक भाग वहिनींनी इबूंच्या तांबड्या तांदळासाठी आगाऊ दिला. पुढच्या कापणीचा तांदूळ पर्थला मुलीकडे आणि पुण्याला घरी.

सह्यांचा दिवस मात्र आम्हाला ठरवता आला नाही. घरमालकांनी पुरोहितांना विचारलं आणि निघालेला मुहूर्त लावणीच्या पाण्यानंतरचा होता. दादाने परतीचं तिकीट पुढे ढकललं, आणि पाट साफ करायच्या दिवशी मीही येऊ का, असं पेकासेहना विचारून आला.