एका घेराचे चरित्र

वस्त्रांना नावे पडतात ती बहुधा गावांवरून. पैठणी, चंदेरी, महेश्वरी हे शब्द उच्चारताच त्यामागचे माग आणि नदीकाठ डोळ्यांपुढे उभे राहतात. बॅले नर्तिकेच्या घेरदार झग्याला मिळालेले ‘ट्यूट्यू’ हे नाव मात्र पाळण्यातून आलेले आहे. फ्रेंच घरांतून लहान मुलाच्या बैठकीच्या भागाला लाडाने जो शब्द योजतात, त्याचेच हे बोबडे रूप असावे असे कोशकार मानतात. छापील फ्रेंचमध्ये हा शब्द १८८१ च्या सुमारास दिसू लागतो. तोपर्यंत या वस्त्राचे अर्धशतक उलटून गेले होते. ज्याला समीक्षकांनी धुके म्हटले, चांदणे म्हटले, आत्म्याचे आवरण म्हटले, त्याचे व्यवहारातले नाव शेवटी बैठकीवरून पडावे, यात फ्रेंच भाषेचा मिस्कीलपणा दिसतो, आणि थोडा प्रामाणिकपणाही.

घेर आखूड होण्याची कथा त्याहून जुनी आहे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात पॅरिसच्या ऑपेरामध्ये मारी कामार्गो हिने आपला झगा घोट्यांच्या किंचित वर नेला. कारण कलेतलेच होते. हवेत उडी घेऊन पावले एकमेकांवर आदळण्याची जी करामत तोवर पुरुष नर्तकांची मिरास होती, ती तिला साधली होती, आणि साधलेली करामत झाकून ठेवणे तिला पटेना. तिची प्रतिस्पर्धी मारी साले हिने १७३४ मध्ये लंडनला ‘पिग्मालियन’ सादर करताना सांगाडे आणि कंचुकीचे जोखड झुगारून साधी मलमल अंगावर घेतली. एकीला पाय दाखवायचे होते, दुसरीला अंगाची रेषा. पुढच्या दोनशे वर्षांच्या इतिहासाचे दोन्ही धागे येथेच हाती लागतात.

परंतु ट्यूट्यूचा खरा जन्म १२ मार्च १८३२ चा. त्या संध्याकाळी ऑपेराच्या रंगमंचावर ‘ला सिल्फीद’ अवतरली. फिलिप्पो ताल्योनीने आपल्या मुलीसाठी रचलेल्या या बॅलेत एक स्कॉट तरुण लग्नाच्या दिवशी वायुकन्येच्या मागे लागतो आणि दोघींनाही गमावून बसतो. मारी ताल्योनीच्या वेशाचे श्रेय एझेन लामी या चित्रकाराला दिले जाते. अंगाबरोबर बसणारी चोळी, उघडे खांदे, आणि पोटऱ्यांपर्यंत घंटेसारखा उमलणारा शुभ्र घेर. अलंकार जवळजवळ नाहीतच. पाठीवर दोन इवले पंख.

या साधेपणामागे केवढी यंत्रणा उभी होती! ढाक्याच्या मलमलीने युरोपला तलमतेचे वेड लावले होते, आणि १८३० पर्यंत ते वेड इंग्रजी गिरण्यांच्या मालावर भागू लागले होते. जॉन हीथकोट याने १८०९ मध्ये जाळी विणणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतल्यावर, जी जाळी पूर्वी बोटांनी विणावी लागे ती वारावारी मिळू लागली. ज्या ‘ट्यूल’ कापडाचे थर पुढे या घेरात बसले, त्याला मात्र फ्रान्समधील त्या नावाच्या गावाचे नाव आहे. गावाचा मान निदान कापडाने तरी राखला. आणि सर्वांत महत्त्वाचा होता प्रकाश. पॅरिसच्या ऑपेरात १८२२ मध्ये गॅसचे दिवे आले. मेणबत्त्यांच्या पिवळट उजेडात पांढरे वस्त्र केवळ पांढरे दिसे. गॅस कमीअधिक करता येई. प्रेक्षागृहात मंद आणि रंगमंचावर निळसर उजेड पडला, की तलम कापडाचे थर आतून उजळल्यासारखे वाटत. १८३१ च्या ‘रॉबेर ल द्याब्ल’ या संगीतिकेत थडग्यांतून उठलेल्या जोगिणींचे नृत्य याच चांदण्यात झाले होते, आणि त्यांच्या अग्रभागी ताल्योनीच होती. पुढे १८४१ मध्ये ‘जिझेल’ आली. कवी तेओफिल गोतिए याने हाइनेच्या लेखनातून लग्नाआधी मेलेल्या मुलींची आख्यायिका उचलली, कार्लोत्ता ग्रीसी नाचली, आणि पांढऱ्या घेरांचा समूह हे बॅलेचे चिन्हच होऊन बसले. देहाला देह नाही असे भासवणे, हे त्या घेराचे काम होते.

ज्या ज्योतीमुळे तो घेर चांदण्यासारखा दिसे ती उघडी ज्योत होती, हे मात्र या रमणीय वर्णनांत सहसा येत नाही. डिसेंबर १८४४ मध्ये लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात क्लारा वेब्स्टर ही तरुण नर्तिका प्रयोग चालू असतानाच पेटली आणि तीन दिवसांनी गेली. अशा घटना एकट्यादुकट्या नव्हत्या. तलम सुती कापडाचे अनेक थर, थरांमध्ये खेळणारी हवा, आणि बाजूपडद्यांत रांगेने जळणारे दिवे. अपघातासाठी याहून वेगळी सिद्धता लागत नाही. १८५९ च्या नोव्हेंबरमध्ये फ्रान्सच्या सम्राटाचा हुकूमच निघाला, की रंगमंचावरील वस्त्रे आणि देखावे क्षारांच्या द्रावणातून काढून अग्निरोधक करून घ्यावेत. उपाय गुणकारी होता. पण त्यातून निघालेले कापड ताठर होई, त्याचा शुभ्रपणा जाई, आणि घेर तरंगेनासा होई.

येथे एमा लीव्री या मुलीची कथा येते. नर्तिकेच्या पोटी १८४२ मध्ये जन्मलेली ही मुलगी सोळाव्या वर्षी ‘ला सिल्फीद’मध्येच प्रथम रंगमंचावर आली. वृद्धत्वाकडे झुकलेल्या ताल्योनीला तिच्यात आपली सावली दिसली. तिने लीव्रीला शिकवले आणि १८६० मध्ये तिच्यासाठी ‘ल पापियाँ’, म्हणजे फुलपाखरू, हा बॅले रचला. संगीत ओफेनबाखचे. त्यात फुलपाखरू झालेली नायिका मशालीकडे ओढली जाते आणि तिचे पंख होरपळतात. दिवा आणि पतंग हा संकेत भारतीय काव्यांतून इतका घासून गुळगुळीत झालेला आहे की तो वाचताना कोणी थबकत नाही. येथे मात्र थबकावे लागते. कारण त्याच वर्षी लीव्रीने ऑपेराच्या संचालकांना लिहून दिले, की आपण नेहमीच्याच घेरात नाचू आणि त्यातून जे उद्भवेल त्याची जबाबदारी आपली.

१५ नोव्हेंबर १८६२ रोजी ‘ला म्युएत द पोर्तिची’ या संगीतिकेची तालीम चालू होती. लीव्रीला मुक्या नायिकेची भूमिका होती. आपल्या प्रवेशाची वाट पाहत असताना घेर चुरगळू नये म्हणून तिने तो वर झटकला, आणि जवळच्या गॅसच्या दिव्याने तो धरला. ज्वाळांसह ती रंगमंचभर धावली. एका अग्निशामकाने तिला गाठून घोंगडीत गुंडाळले, तोवर फार उशीर झाला होता. धावतानाही पेटलेले कापड ती अंगाभोवती आवळून घेत होती, लज्जारक्षणासाठी, असे प्रत्यक्षदर्शींनी सांगितले. आठ महिने ती झुंजली, आणि २६ जुलै १८६३ रोजी गेली. त्या अवस्थेतही अग्निरोधक घेर आपण कधी घालणार नाही, तो कुरूप दिसतो, असे ती म्हणाल्याची नोंद आहे.

अंत्ययात्रेत शवपेटिकेवर दोन पांढरी फुलपाखरे घिरट्या घालत होती, असे तेव्हा लिहिले गेले. घातलीही असतील. पण राख निवण्यापूर्वीच तिच्यावर काव्य रचण्याची ही घाई पाहिली, की मन साशंक होते. लीव्रीच्या हट्टाला कलानिष्ठा म्हणावे, की ज्या प्रेक्षकाला नर्तिकेचे वजनच मान्य नव्हते त्याने तिच्या तोंडून वदवलेला हट्ट म्हणावे? हुकूम सम्राटाचा होता, नाट्यगृह सम्राटाच्या खर्चाने चालत होते, आणि तरीही अठरा वर्षांच्या मुलीचा एक कागद त्या हुकमाहून जड ठरला. तिच्या वेशाचे जळके अवशेष पॅरिसला ऑपेराच्या संग्रहालयात जपून ठेवण्यात आले. ओंजळभर चिंध्या आहेत त्या.

या घेराने पूर्वेचे सोंगही पुष्कळ घेतले. देवळातील नाचणाऱ्या स्त्रियांसाठी गोव्यातील पोर्तुगीजांनी ‘बायलादैरा’ हा आपल्या भाषेतला शब्द वापरला. त्याचेच फ्रेंचमध्ये ‘बायादेर’ झाले. गोव्याच्या कलावंतिणींना स्वतःचे नाव होते, ते या प्रवासात गळून पडले. गटेच्या कवितेवरून १८३० मध्ये पॅरिसला ‘ल द्यू ए ला बायादेर’ आले, आणि तीतील बायादेर ताल्योनीच होती. आठच वर्षांनी, १८३८ मध्ये, पाँडिचेरीजवळच्या एका देवळातील खऱ्याखुऱ्या देवदासी पॅरिसला पोहोचल्या. त्यांच्यातील अम्मनीवर गोतिए लुब्ध झाला. पण ज्या शहराने बायादेर म्हणून वाऱ्यावर तरंगणारी स्त्री मनात धरली होती, त्याच्यासमोर या स्त्रिया जमीन दणाणून सोडणाऱ्या पावलांनी उभ्या राहिल्या. एका परंपरेत पाऊल जमिनीची क्षमा मागून वर उठते, दुसरीत ते घुंगरांसह जमिनीलाच बोलते करते. एकाच शब्दात दोन्ही कशा मावणार?

तरीही फॅशन ओसरली नाही. १८५८ मध्ये गोतिएने कालिदासाची ‘शाकुंतल’ कथाच बॅलेसाठी रचून दिली आणि आमालिया फेर्रारिस शकुंतला झाली. कालिदासाची शकुंतला प्रियंवदेने वल्कल फार घट्ट बांधल्याची तक्रार करते. ऑपेराच्या शिरस्त्यात देश कोणताही असो, नायिकेच्या वेशाचा मूळ साचा चोळी आणि घेर हाच असे, आणि चोळी तर वल्कलाहून घट्ट. त्यानंतर १८७७ मध्ये पीटर्सबर्गला मारियुस पेतिपाने ‘ला बायादेर’ उभारले. त्यातील छायांच्या प्रवेशात शुभ्र घेरातल्या नर्तिका एकामागून एक उतरणीवरून येतात, तेच पाऊल पुनःपुन्हा टाकीत. त्यात भारत औषधालाही नाही. पण तो प्रवेश पाहताना हा आक्षेप सुचत नाही, हेही कबूल केले पाहिजे.

रशियातच घेर गुडघ्यांच्या वर चढला आणि आडवा झाला. इटालियन नर्तिका तेथे नवे तंत्र घेऊन आल्या होत्या. १८९५ च्या ‘स्वान लेक’मध्ये प्येरीना लेन्यानी एका पायावर बत्तीस गिरक्या घेई, पोटऱ्यांपर्यंतचा घेर अशा वेळी पायांत गुंतायचाच. आता वायुकन्या मागे पडली आणि कसब पुढे आले. दरम्यान १८८१ मध्ये, म्हणजे ज्या सुमारास तो शब्द छापला जाऊ लागला त्याच वेळी, एद्गार देगाने चौदा वर्षांच्या एका नर्तिकेचा मेणाचा पुतळा मांडला आणि त्याला खराखुरा कापडी घेर नेसवला. पॅरिसचे रसिक दचकले. त्यांना धुके हवे होते. देगाने त्यांना गरिबाघरची पोर दाखवली.

आना पाव्हलोव्हा हंसाचा घेर घेऊन जगभर हिंडली, भारतातही आली. १९२३ मध्ये तिने अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवरून एक नृत्य बसवले. १९२८ मध्ये मुंबईत तिला पाहून रुक्मिणीदेवी भारावल्या, तिच्या मंडळातील एका नर्तिकेकडे बॅलेचे धडेही त्यांनी घेतले. आपल्याच देशाचे नृत्य शोधावे, असे पाव्हलोव्हाने त्यांना सुचवले. १९३६ मध्ये कलाक्षेत्र उभे राहिले. अम्मनीची पावले ज्यांना परकी वाटली होती, त्यांच्याच परंपरेतली एक स्त्री त्या पावलांचा पत्ता सांगून गेली.

आजचा ट्यूट्यू ही मुख्यतः कष्टाची वस्तू आहे. जाळीचे दहाबारा थर, खालचा आखूड, वरचा त्याहून लांब. मधल्या थरात पोलादी तार. थर एकमेकांना सैल टाक्यांनी जोडलेले. बार्बरा कारिन्स्का या खारकोव्हमध्ये जन्मलेल्या कारागीर स्त्रीने न्यूयॉर्कमध्ये, बालांशीनच्या ‘सिंफनी इन सी’साठी, १९५० मध्ये ती तार काढून टाकली, पन्नासहून अधिक नर्तक एका वेळी रंगमंचावर येत, आणि तारेचे घेर एकमेकांवर आपटत. चोळीचे काही तुकडे तिने आडव्यातिडव्या विणीत कापले, म्हणजे नर्तिकेला श्वास घेता यावा. चोळी पाठीवर अजूनही हुकांनीच बंद होते. चेन ऐन वेळी दगा देते.

प्रयोग संपला की हे घेर उलटे टांगून ठेवतात, नाहीतर थर खाली लोंबतात. ते सहसा धूत नाहीत. घामाच्या वासावर मद्यार्क फवारतात. चोळीच्या आतल्या पट्टीवर जिच्यासाठी तो शिवला तिचे नाव शाईने लिहिलेले असते. ती गेली, की त्यावर रेघ ओढून खाली दुसरे नाव लिहितात, मग तिसरे.