कोपऱ्यातला बाण

पेनड्राइव्हवरची 'माहेर' आणि बाकीची फोल्डरं डेस्कटॉपवर कॉपी केली, पेनड्राइव्ह काढून डबीत ठेवला आणि 'माहेर' उघडायला गेले. कॉम्प्युटर म्हणाला, ही वस्तू जागेवर नाही. 'सासर' उघडलं. तेच. 'पंढरी', 'बंधुराजा', 'लेकीचं लग्न' – सगळीकडे तेच उत्तर. अकरा वर्षं वाळवा आणि मिरज तालुक्यांत बायकांपुढे बसून मी जात्यावरच्या ओव्या उतरवून घेतल्या. निवृत्तीनंतर एका बोटानं टाइप केल्या. त्या सगळ्या त्या पेनड्राइव्हवर होत्या.

आदल्या दिवशी एका डीटीपीच्या दुकानात काही पानं छापून आणली होती, एवढंच नवीन घडलं होतं.

मी काय केलं असेल? दुसरा पेनड्राइव्ह काढला. याच्यावर सगळ्याची नक्कल होती, सहा महिन्यांपूर्वीची. तो लावला, दोन मिनिटं मायेनं बघत बसले, आणि माझ्या डोळ्यांदेखत तिथल्या फोल्डरांच्या कोपऱ्यात एक बारीकसा बाण आला. बाण मी आधीही पाहिला होता, पण मला ती नक्षी वाटली. आता नीट पाहिलं तर प्रत्येक नावापुढे 'एक के.बी.' असं लिहिलेलं. अकरा वर्षं, एक के.बी.

गल्लीतल्या दुरुस्तीवाल्यानं फोनवरच निकाल दिला. "काकू, फॉरमॅट मारावं लागेल. पाचशे होतील. डेटा गेला समजा." मी हो म्हणणार होते. मध्येच पुण्याच्या भाच्याचा सहज फोन आला, आणि माझा आवाज ऐकून तो म्हणाला, "मावशी, काही दाबू नकोस. नेटची तार काढ आधी."

ओव्या कुठे गेलेल्या नाहीत, तिथेच आहेत, पण बुरख्यात आहेत, असं तो सांगू लागला. पेनड्राइव्हवर शिरलेला व्हायरस खऱ्या फोल्डरला 'हिडन' आणि 'सिस्टिम' असे दोन शिक्के मारतो, म्हणजे ते दिसत नाही. मग त्याच नावाचा एक शॉर्टकट तिथे ठेवतो. आपण त्यावर क्लिक केलं की आधी व्हायरस चालतो आणि नंतर खरं फोल्डर उघडतं. सगळं नेहमीसारखं उघडतं म्हणून आपल्याला संशयच येत नाही. मी डेस्कटॉपवर आणलं होतं ते 'माहेर' नव्हतंच, माहेरच्या दिशेनं बोट दाखवणारी पाटी होती. घाबरून पेनड्राइव्हवरच्या तसल्या पाट्यांवरही पन्नास वेळा क्लिक केलं होतं, म्हणजे पन्नास वेळा मीच त्याला चालवलं.

"कमांडची काळी खिडकी उघड आणि मी सांगतो तसं टाइप कर," तो म्हणाला. कीबोर्ड मराठीवर होता, त्यामुळे त्या खिडकीत नुसते चौकोन उमटले. भाषा बदलून पुन्हा सुरुवात. 'अ‍ॅट्रिब', जागा, वजा एच, जागा, वजा आर, जागा, वजा एस... मी विचारलं, वजा म्हणजे मधली रेघ की खालची? एच हिडनचा, आर रीड-ओन्लीचा, एस सिस्टिमचा. यातले असतील ते शिक्के पुसायचे. एन्टर दाबलं आणि फोल्डरं परत आली! मी देवाला हात जोडेपर्यंत ती पुन्हा गेली. बाण हजर.

भाचा गप्प झाला आणि मग स्वतःवरच चिडला. "माझी चूक. तो अजून तुझ्या कॉम्प्युटरमध्ये जिवंत आहे. आधी त्याला काढायला हवं होतं." मला हे फार पटलं. गळकं छप्पर तसंच ठेवून फरशी पुसायची म्हणजे काय!

दोन्ही पेनड्राइव्ह काढले. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडला. त्या यादीत 'मायक्रोसॉफ्ट विंडोज बेस्ड स्क्रिप्ट होस्ट' असं भारदस्त नाव होतं. मी म्हटलं, हे तर घरचंच दिसतंय. "नाव घरचंच आहे, मावशी. पण त्याच्या हातात चिठ्ठी दुसऱ्याची आहे." ते थांबवलं. 'स्टार्टअप'च्या यादीत एक अगम्य अक्षरांचं नाव होतं, कॉम्प्युटर सुरू होताच ते आपोआप जागं व्हायचं. तेही बंद केलं.

खरा धक्का पुढे होता. विंडोजबरोबर डिफेंडर नावाचा रखवालदार फुकट येतो. मग तो झोपला होता का? भाच्यानं सेटिंग उघडायला लावलं, 'एक्सक्लूजन' वाचायला सांगितलं. सी, डी, ई. तिन्ही ड्राइव्हमध्ये बघायचंच नाही, असं रखवालदाराला बजावून ठेवलेलं! मागच्या वर्षी एकानं मला मराठी टायपिंगचं महागडं सॉफ्टवेअर 'फुकटात' टाकून दिलं होतं, तेव्हा "अँटिव्हायरस मध्ये येतोय, त्याला बाजूला करतो" असं म्हणाला होता. मी त्याला चहा दिला, वर चकली.

ती यादी पुसली, ते सॉफ्टवेअर काढलं, नेट जोडून डिफेंडर ताजा केला आणि 'ऑफलाइन स्कॅन' लावला. यात विंडोज सुरू होण्याआधीच तपासणी होते, म्हणजे व्हायरसला लपायला वेळ मिळत नाही. पंधरा-वीस मिनिटं पडद्यावर टक्केवारी सरकत होती, मी भाजी निवडत होते. सापडलेल्याच्या नावात 'जेनक्सकस' असं काहीतरी होतं. भाचा हसला. याच्यामागचं जाळं तोडायला मायक्रोसॉफ्टनं २०१४ मध्ये कोर्टाची कारवाई केली होती म्हणे. जाळं तुटलं, पण पेनड्राइव्हच्या पाठीवर बसून तो अजून गावोगाव फिरतो आहे.

त्यानंतर पेनड्राइव्ह लावून 'अ‍ॅट्रिब' पुन्हा चालवलं. 'माहेर' आलं. पाच मिनिटं घड्याळ लावून बसले. बाण आला नाही. वर्डच्या फाइल्स तेवढ्या उचलून घेतल्या, त्या तपासल्या आणि पेनड्राइव्ह मीच, अगदी आनंदानं, फॉरमॅट केले. हा व्हायरस परक्याला घरात शिरायला दारही उघडून देतो, म्हणून ईमेल आणि बँकेचे पासवर्ड बदलले, तेही फोनवरून.

आता काही गोष्टी करते. फाइलच्या नावाचं शेपूट आणि लपलेल्या वस्तू दिसतील असं सेटिंग ठेवलंय, पसारा दिसला तरी चालेल. ऑटोप्ले बंद. रोजचं काम साध्या खात्यातून करते, काही बसवायचं असेल तर ॲडमिनचा पासवर्ड लागतो, तो टाइप करेपर्यंत विचार करायला वेळ मिळतो. नक्कल एका हार्डडिस्कवर आहे, ती काम झालं की काढून कपाटात जाते. सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राचं, २०१७ पासूनचं, 'यूएसबी प्रतिरोध' नावाचं मोफत साधन आहे. पेनड्राइव्ह लावला की ते आधी पासवर्ड मागतं. भाचा दिवाळीत येईल तेव्हा बसवणार आहे. फुकटातल्या टायपिंगवाल्याऐवजी विंडोजचाच मराठी कीबोर्ड वापरते. तो आधीपासून तिथेच होता, कुणी सांगितलं नव्हतं.

त्या डीटीपीच्या दुकानात मुद्दाम गेले आणि मालकांना सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, ते सगळ्यांच्याच पेनड्राइव्हमध्ये असतं." मी बसले होते तेवढ्यात कॉलेजच्या तीन मुलांनी आपापले पेनड्राइव्ह त्याच कॉम्प्युटरला लावले. मी आता छापायची पानं पीडीएफ करून दुकानाच्या ईमेलवर पाठवते. 'माहेर' घरीच असतं.