चौदा जणांना पुरेल एवढी जागा

सांताक्रूझमध्ये, विशेषतः वाकोला, गोळीबार, कलिना या भागांत पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांनी खेळायचं कुठे, असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: मैदानंच नाहीत. टंचाई खरी आहे. पण उरलेली जागा आपण कोणत्या खेळाला देतो, हा प्रश्न मला त्याहून निकडीचा वाटतो. पुरुषांच्या कबड्डीचं मैदान १३ मीटर लांब, १० मीटर रुंद; त्यात चौदा जण एकाच वेळी खेळतात. तेवढ्या जागेत क्रिकेट सुरू झालं की एक जण टाकतो, एक मारतो, बाकीचे चेंडूची वाट बघत उभे राहतात. शिवाय ज्याची बॅट, त्याची पहिली बॅटिंग. कबड्डीत कुणाच्या मालकीचं काही नसतं. चढाई ३० सेकंदांची. तेवढ्यात दम न सोडता गडी टिपून मधली रेषा गाठायची. समोरचे हातात हात गुंफून मागे सरकत असतात आणि कोपऱ्यातला गडी घोट्यावर नजर ठेवून वाकलेला असतो. बाद झालेला खेळाडू, आपल्या संघानं समोरचा गडी मारला की पुन्हा आत येतो. हा नियम मला फार मोलाचा वाटतो, कारण कच्चा गडीही कायमचा बाहेर बसत नाही.

गुडघे फुटतील, ही पालकांची भीती रास्त आहे. पेव्हर ब्लॉकवर पकडी घालूच नयेत. कबड्डीला माती किंवा मॅट हवी. फरशीवर विषामृत, साखळी, लंगडी खेळावी. हे पोरखेळ आहेत असं ज्यांना वाटतं, त्यांनी लंगडी घालत चार चपळ गडी बाद करून बघावेत. पोटऱ्या भरून येतात आणि दुसरा पाय टेकला की आपणच बाद. मुलींना धसमुसळा खेळ नको, हा आक्षेप तर मला मुळीच मान्य नाही. आशियाई स्पर्धेत महिला कबड्डी २०१० मध्ये पहिल्यांदा आली आणि सुवर्णपदक भारतानंच जिंकलं.

क्लासमुळे वेळ नाही, हे मात्र खरं दुखणं आहे. जागतिक आरोग्य संघटना या वयाला दिवसाला सरासरी ६० मिनिटांची हालचाल सांगते. म्हणूनच साहित्य, बुकिंग, फी यांवाचून दोन मिनिटांत सुरू होणारा खेळ हवा. सोसायटीच्या कमिट्यांना माझी विनंती आहे: संध्याकाळी तासभर तेवढ्या जागेतल्या गाड्या हलवा आणि ‘खेळण्यास मनाई’ची पाटी उतरवा.