काचेवरची फिल्म आणि पावसातली रात्र

दसरा-दिवाळीला नवी गाडी घेतलेले लोक आमच्या वर्कशॉपमध्ये येऊन विचारतात, "पुढच्या काचेला फिल्म लावून टाकू का?" मी उलट विचारतो, "रात्री, पावसात किती गाडी चालवता?" बहुतेकांना हा प्रश्न अवांतर वाटतो. माझ्या मते उत्तर त्यातच आहे.

पुढची काच म्हणजे खरं तर दोन काचा आणि त्यांच्यामध्ये पीव्हीबी या प्लॅस्टिकचा जेमतेम ०.७६ मिलिमीटरचा थर. एदुआर बेनेडिक्टस या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने अशा जोडकाचेचं पेटंट १९०९ मध्ये घेतलं. मधल्या थरामुळेच दगड लागला तरी दाराच्या काचेसारखा तिचा चुरा होत नाही, फक्त बाहेरच्या थरावर तारा उमटतो. मधला थर अतिनील किरणही जवळपास सगळे अडवतो. तेव्हा त्या नावाखाली फिल्मचे जादा पैसे कुणी मागितले तर देऊ नका.

खडीपासून वाचवणारी फिल्म काचेच्या बाहेरून लागते. आतून लावतात ती उन्हासाठी, दगडाशी तिचा संबंध नाही. बाहेरची फिल्म लहान खडीचा मार पसरवून झेलते आणि वाळूच्या कणांनी काचेला पडणारे बारीक खड्डे टाळते. हे काम ती खरोखर चांगलं करते. मोठा दगड मात्र तिला आवरत नाही. आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे समृद्धी महामार्गावर १२० च्या वेगात तोच खडा ६० च्या चौपट जोराने बसतो. तापलेल्या काचेवर गार पाणी पडून गेलेला तडाही फिल्मने थांबत नाही.

आता वायपर. काच कठीण असते, फिल्म तिच्या मानाने फार मऊ. ब्लेडखाली अडकलेली धूळ तिच्यावर ओरखडे काढते. कोकणात पावसाचे चार महिने वायपर चालवला की फिल्मवर कमानीसारखे पट्टे दिसू लागतात. दिवसा ते जाणवत नाहीत. रात्री समोरून डंपरचे दिवे आले की त्या ओरखड्यांत उजेड फुटतो, अख्खी काच पांढुरकी होते आणि कडेने चालणारा माणूस त्यात हरवतो. काच वाचवण्यासाठी नजर गमावणं मला कधीच पटलेलं नाही. फिल्म लावायची तर ती दर वर्ष-दीड वर्षाने काढून नवी लावायची तयारी हवी, आणि हिशेब त्या खर्चासकट करायला हवा.

त्या हिशेबात साधी छोटी गाडी बसत नाही. तिची अख्खी काच अनेकदा फिल्मपेक्षा स्वस्त पडते. शिवाय पूर्ण विमा असेल तर काचेला घसारा लागत नाही, १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीची वजावट १००० रुपये, त्यावर २०००. फक्त दावा करण्याआधी नो क्लेम बोनस किती आहे ते पाहा. तो ५० टक्क्यांवर पोचला असेल तर खिशातून काच बदललेली बरी.

काचेमागे कॅमेरा असलेल्या महागड्या गाड्यांचं गणित वेगळं. तिथे काच बदलली की कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशनही आलं. अशी गाडी रोज खाणीच्या किंवा चालू कामाच्या रस्त्याने जात असेल, तर मी स्वतः फिल्म लावायला सांगतो. पण पूर्ण पारदर्शक. पुढच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश आत आलाच पाहिजे, असा नियम आहे.

बाकीच्यांनी ते पैसे चांगल्या ब्लेडवर घालावेत आणि खडीच्या गाडीमागे अंतर ठेवावं. तारा पडलाच तर लगेच त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावा. धूळ-पाणी आत गेलं की रेझिन नीट धरत नाही. लहान तारा रेझिनने भरला जातो आणि कंपनीने चिकटवलेली मूळ काच जागेवर राहते. ते महत्त्वाचं, कारण अनेक गाड्यांत शेजारच्या सीटची एअरबॅग उघडताना याच काचेचा आधार घेते. चालकाच्या नजरेसमोरचा तारा किंवा कडेपर्यंत गेलेला तडा असेल तर मात्र काच बदलाच, आणि फिटर सांगेल तितके तास गोंद सुकेपर्यंत गाडी हलवू नका.