मोरी वाकडी का?

आमचे अब्बा रस्त्यावर मैलकुली म्हणून लागले आणि मुकादम होऊन निवृत्त झाले. पोलादपूरहून महाबळेश्वरला चढणारा आंबेनळी घाट, हे त्यांचे उभे आयुष्य. त्यांच्याजवळ एक वही असे. कोणत्या वळणावरची मोरी केव्हा तुंबली, गटार कोणत्या अंगाने खणले आणि का, हे तीत असे. खाली सही, तारीख. हा 'का' आम्हाला लहानपणी भारी कंटाळवाणा वाटे.

आम्ही पुण्यात लिनक्सच्या कर्नलवर, म्हणजे संगणकाच्या गाभ्यावर, काम करतो. यंत्राची स्मृती बहुधा चार-चार किलोबाइटच्या पानांत वाटलेली असते. जागा संपत आली की कोणते पान ठेवायचे, कोणते काढायचे, हे कर्नल ठरवतो. वर्षानुवर्षे त्यासाठी दोन प्रकारच्या याद्या होत्या : वापरातली पाने आणि पडून असलेली पाने. डिसेंबर २०२२च्या ६.१ आवृत्तीत पानांच्या वयानुसार पिढ्या पाडण्याची पद्धत आली. गूगलच्या यू झाओ यांनी ती २०२१ साली मांडली होती. ती दहाहून अधिक वेळा दुरुस्त करून पुन्हा मांडावी लागली. कोडच्या तुकड्यांबरोबर दोन लेखी टिपणे स्वतंत्र जोडलेली होती, एक यंत्र चालवणाऱ्यासाठी आणि दुसरे रचना समजावणारे.

आमचे काम त्या मानाने लहान, पण आमच्यासाठी मोठेच. वर्षभर कोड लिहिला, चाचण्या घेतल्या, आणि टिपण शेवटच्या दोन रात्रींत उरकले. तपासणाऱ्याने सगळे परत पाठवले. काय करता ते कोडवरून दिसते. का करता आणि चुकले तर काय होईल, ते लिहा, एवढेच म्हणणे. आम्हाला राग आला. खोटे कशाला बोला, रडूही आले.

ईदला महाडला गेलो. २२ जुलै २०२१ला सावित्रीचे पाणी घरात शिरले, तेव्हा अब्बांची वही भिजली होती. त्यांनी एकेक पान दोरीवर वाळवले होते. काही पाने कायमची चिकटली. उरलेल्यांत एक सापडले : मोरी वाकडी दिसते, सरळ करू नये, वरच्या झऱ्याचे पाणी दिवाळीपर्यंत वाहते.

"हे कोणासाठी लिहिलंत, अब्बा?"

"माझ्या मागनं येईल त्याच्यासाठी."

"कोणी वाचलं?"

"नाही रे. सरळ केली मोरी. पुढच्याच पावसात रस्त्याची कड गेली."

पुण्याला परतून आम्ही टिपण पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहायला घेतले. स्मृती पार संपली की कर्नल चालता प्रोग्रॅम मारतो. तो कुणाच्या इस्पितळातला असेल, हे आम्हाला इथून दिसत नाही. म्हणून प्रत्येक पायरीला कारण लिहीत गेलो. एका ठिकाणी पेन अडले. पान एका पिढीतून दुसरीत जाताना आम्ही कुलूप जरा लवकर उघडत होतो. का? उत्तरच नव्हते. त्या क्षणात दुसरा प्रोसेसर तेच पान मोकळे करू शकत होता. आमच्या कुठल्याही चाचणीत हे सापडले नव्हते.

कोड दुरुस्त केला, टिपण दुपटीने वाढले. २००४ पासूनच्या रिवाजाप्रमाणे प्रत्येक तुकड्याखाली नाव घालून सही केली आणि पुन्हा पाठवले. तपासणाऱ्याचे सात नवे प्रश्न आले आहेत. अब्बा दर शुक्रवारी फोनवर विचारतात, "झालं का तुझं पास?" अजून नाही. चार प्रश्नांची उत्तरे लिहून झाली आहेत.