पाणी समाधीला लागलं

थेरगावच्या पुलावर रिक्षा अडकली आणि खालून कुजलेल्या जलपर्णीचा वास आला. शेजारच्या बाईंनी पदर नाकाला लावला. मला आठवली आजी, चिंचवडगावातल्या आमच्या बोळातून खालच्या आळीला ओरडून विचारणारी, "पाणी समाधीला लागलं का गं?"

पावसाळ्यात पवना फुगली की मोरया गोसावींच्या समाधी मंदिरात शिरते. नदी देवाला भेटायला आली, असं आजी म्हणायची. खण-नारळ घेऊन घाटाच्या वरच्या पायरीवर जायची, मी तिच्या लुगड्याला धरून. खालच्या पायऱ्या एकेक करून गढूळ पाण्याखाली जायच्या. मला भीती वाटायची, ती मात्र हात जोडून नदीशी बोलत असायची.

मोरयांनी इथं संजीवन समाधी घेतली आणि गावाला काठ सापडला. मग देवांचा वाडा, मंगलमूर्ती, भाद्रपदात आणि माघात मोरगावला निघणारी पालखी. १८५८ मध्ये खंडाळा-पुणे लोहमार्ग सुरू झाला. १८९७ मध्ये गणेशखिंडीत इंग्रज अधिकारी रँडवर गोळी झाडणारे चापेकर बंधू इथलेच. १९५४ मध्ये पिंपरीत पेनिसिलिनचा सरकारी कारखाना स्थापन झाला, १९६२ मध्ये एमआयडीसी आली, १९७० मध्ये पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी मिळून नगरपालिका.

उद्योगनगरीचा इतिहास सांगणारे कारखान्यांपासून सुरुवात करतात, याचा मला राग येतो. या सगळ्यांची तहान भागवली कुणी? पवनेनंच. आणि तिला आपण परत काय दिलं, ते त्या पुलावर कळतं.

पण काठावरच्या आम्हा लोकांनाही वरची नदी कुठं ठाऊक होती? पवना धरणातून बंद नळानं थेट शहरात पाणी आणायचं ठरलं, तेव्हा मावळातले शेतकरी ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरला द्रुतगती महामार्गावर उतरले. पोलिसांच्या गोळीबारात तिघं गेले. त्यांत एक बाई होती. आजी ज्या पाण्याची ओटी भरायची, त्याच पाण्यासाठी ती बाई रस्त्यावर आली होती, हे माझ्या मनातून जात नाही.

आमच्या नळाला येणारं पाणी रावेतच्या बंधाऱ्यावरून उचलतात. त्याच्या वर, मावळात, पवना अजून भातखाचरांची नदी आहे. या आषाढात लावणी चालू असताना मला तिकडं जायचंय, बऊरवरून पुढं, धरणापर्यंत.